साहेब बसले

४ ऑक्टोबर, सोमवार

पोचलो एकदाचे! कंडक्टर साहेबांना बसमध्ये घ्यायलाच तयार नव्हता. पण मी चौतीस वर्षं हाडांच्या वॉर्डात नर्स होते, त्यातली शेवटची नऊ मेट्रन. माझ्या एका नजरेने भलेभले सर्जन परत हात धुवायला जायचे, तिथे कंडक्टर किस झाड की पत्ती. साहेब खिडकीशी बसून आले, तेही माझ्या मांडीवर.

वही नवी आहे, म्हणून आधी ओळखपाळख. साहेब म्हणजे आमचा कुत्रा. वय तेरा, रंग तपकिरी, कान लांब, जात कुठलीच नाही. हे, म्हणजे माझे यजमान, एका कचेरीत तीस वर्षं शिपाई होते. जन्मभर साहेबांना सलाम ठोकले आणि निवृत्त झाल्यावर एक पिल्लू आणून त्याचं नाव साहेब ठेवलं. का, तर एकदा तरी साहेबाला दरडावून ‘बस खाली’ म्हणायला मिळावं. पिल्लू मात्र पक्कं साहेब निघालं. तेरा वर्षांत सांगितल्यावर एकदाही बसलेलं नाही. हे घसा कोरडा होईस्तोवर ओरडायचे आणि साहेब उभ्याने त्यांच्याकडे बघत राहायचे.

चेंडू आणण्यात मात्र साहेबांचा हात कुणी धरणार नाही. हिरवा रबरी चेंडू कुठेही फेका, तोंडात घेऊनच परत. एकदा तो गटारात पडला तर साडेतीन तास झाकणावर ठाण मांडून होते, शेवटी नगरपालिकेच्या माणसाने काढून दिला तेव्हा घरी आले. चेंडूशिवाय परत आले असं आजवर घडलेलं नाही. त्यावर पैजा लावून ह्यांनी शेजाऱ्यांचा किती चहा उकळला असेल, देव जाणे.

हे गेल्या वर्षी गेले. जाण्याआधी दोन गोष्टी कबूल करून घेतल्या. साहेबांना एकदा समुद्र दाखवायचा, आणि त्यांच्या शेवटच्या घटकेला मी जवळ असायचं. आता साहेबांची मूत्रपिंडं थकलीत. जनावरांचे डॉक्टर म्हणाले दोन महिने, फार तर तीन. लेक फोनवर म्हणाली, आई, या वयात एकटी कुठे निघालीस? म्हटलं, एकटी कुठे, साहेब आहेत की बरोबर.

समुद्रालगतच्या सगळ्या घरांवर ‘कुत्रे आणू नयेत’ अशा पाट्या आहेत. एका घरमालकिणीनेच जाहिरातीत लिहिलं होतं की कुत्र्यांचं मनापासून स्वागत. वरची खोली मिळाली आहे. लोखंडी पलंग, निळा गालिचा, खिडकीतून थेट वाळू. घर आणि किनारा यांच्यामध्ये फक्त दगडी भिंत, तिला खाली उतरायला पायऱ्या. मालकीणबाई सत्तरी ओलांडलेल्या, काटक, मोजकं बोलणाऱ्या. मला बघून जेमतेम मान हलवली, पण साहेबांना बघितलं आणि दुखरे गुडघे टेकून खालीच बसल्या. पंजे तपासले, नाक तीक्ष्ण आहे का विचारलं, फेकलेलं परत आणतो का विचारलं. स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्यांवर कुत्र्यांचे नऊ पट्टे टांगलेले आहेत. किती जीव लावलाय बाईने जनावरांना.

साहेबांची नोंद: पाणी एक वाटी, लघवी दोनदा, भूक बरी. (वॉर्डातली सवय. वही एप्रनच्या खिशात, पेन दोरीने गळ्यात, जे झालं ते उभ्या उभ्या लिहून मोकळं. लेक हसते. हसू दे.)

५ ऑक्टोबर, मंगळवार

साहेबांनी समुद्र बघितला! पहिल्या लाटेवर भुंकले, दुसरीला घाबरून माझ्या मागे लपले आणि तिसरी चाखून बघितली. मग माझ्याकडे असं बघितलं की जणू मीठ मीच जास्त घातलंय. मी पोट धरून हसले आणि हसता हसता रडले, कारण हे बघायला ह्यांनी हवं होतं. चेंडू चौदा वेळा फेकला, चौदा वेळा आला.

सकाळची ओहोटी, लांबच लांब ओली वाळू, आणि तिच्यावर आम्ही दोघं आणि एक म्हातारा. गावात त्याला टिकटिक म्हणतात, कारण लोखंड शोधायचं यंत्र घेऊन तो दिवसभर वाळूवर फिरतो आणि ते टिकटिक करतं. पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचा. भारी बोलका. म्हणाला, गावातलं कुणी वाळूवर पाय ठेवत नाही, सगळे भिंतीवर बसून समुद्र बघतात. युद्धात इथे हजारो सुरुंग पुरले होते. त्यानंतर सगळं साफ झालंय, लोक उगाच भितात. सुरुंगांच्या जाती त्याने अशा कौतुकाने सांगितल्या की वाटावं घड्याळंच विकतोय. एक जात पाय पडला की फुटते. दुसरी त्याहून खोडसाळ. पाय पडला की नुसती टक् करते, आणि पाय उचलला की फुटते. मी म्हटलं, सकाळी सकाळी काय गोड विषय काढलात हो.

वाळूवर एक गंमत बघितली. बुटांच्या ठशांच्या रांगा, एकीला लागून एक, वीस-बावीस माणसं खांद्याला खांदा लावून चालत गेल्यासारख्या. सगळी पावलं सारख्या अंतराची. मध्ये एका माणसाची जागा मोकळी. उत्तरेकडून आलेले ठसे दक्षिणेच्या काळ्या खडकांच्या बरेच अलीकडे एकदम थांबले होते. परत फिरलेले ठसे नाहीत. टिकटिकला विचारलं तर त्याने बुटाने दोन ठसे पुसले आणि म्हणाला, समुद्र करतो काहीबाही.

आणि आजची सगळ्यात मोठी बातमी: साहेब बसले! कुणी न सांगता. वाळूत एका जागी ताठ बसले, नाक खाली, हलेचनात. टिकटिकने तिथे उकरलं तर सैनिकाच्या पट्ट्याचं बक्कल निघालं. त्याने आनंदाने साहेबांना बिस्किट दिलं. मी मनात ह्यांना म्हटलं, बघा, तुमचा साहेब बसला एकदाचा.

६ ऑक्टोबर, बुधवार

आजही ठसे. आजही मध्ये जागा मोकळी. भिंतीपलीकडून कुठेतरी शिट्टी वाजली, बारीक, लांब. साहेबांनी असे कान टवकारले की मला ते ओळखीचे वाटेनात. चेंडू सोडून दहा-बारा पावलं चालत गेले आणि बसले. चेंडू सोडून! पण तो आधी माझ्यापाशी आणून मगच सोडला होता, म्हणजे नियम मोडला नाही असं मी आपलं स्वतःला सांगितलं.

टिकटिकने उकरलं. बूट निघाला. मी तो हातात घेतला आणि लगेच कळलं की तो रिकामा नाही. पावलाची हाडं जागच्या जागी होती आणि वर घोट्याचं टोक, तुटलेलं नव्हे, फाटलेलं. हाडाच्या टोकाची वाढीची रेघ अजून जुळलेली नव्हती. म्हणजे सतरा, फार तर अठरा वर्षांचा मुलगा. मी बूट खाली ठेवला आणि हात वाळूला पुसले. चौतीस वर्षांत पाय कमी बघितले नाहीत, पण मिशी न फुटलेल्या पोराचा असा बुटात कधी नाही.

तेव्हा टिकटिकने बाकीचं सांगितलं. युद्ध संपल्यावर हरलेल्या बाजूची पोरं इथे कैदी होती. त्यांच्याच हातांनी सुरुंग काढवले, काठ्यांनी टोचून टोचून. रोज एखादा जायचा. शेवटच्या दिवशी किनारा साफ झाल्याची खात्री करायला उरलेल्या बावीस जणांना हातात हात अडकवून एका रांगेत चालायला लावलं. पुढे एक कुत्रा, मागे बंदुका, भिंतीवर सगळं गाव बघायला. मी विचारलं, मग? तो म्हणाला, मग काय. आणि यंत्र घेऊन पुढे निघून गेला.

साहेबांची नोंद: भूक नाही. लघवी एकदा.

७ ऑक्टोबर, गुरुवार

मालकीणबाई साहेबांना स्वतःच्या हाताने मांस भरवताना सापडल्या. डॉक्टरांनी मांस बंद केलंय असं मी दहादा सांगितलं होतं. मी चांगलीच तडकले, म्हटलं हा माझा पेशंट आहे. त्यांनी शांतपणे हात धुतले आणि म्हणाल्या, पोटात ताकद हवी, चालायचं असतं.

सकाळी दार उघडं राहिलं आणि साहेब माझ्याआधी वाळूवर गेले. मी पायऱ्या उतरले तर बुटांचे ठसे ताजे होते, त्यांत पाणी अजून भरत होतं. रांगेच्या पुढे, बरोबर मध्यावर, कुत्र्याच्या पंजांची ओळ. उजवा मागचा पंजा जरा ओढलेला. साहेबांना त्या पायात संधिवात आहे.

उद्या इथला गाशा गुंडाळावा की काय असं वाटतंय. पण पाण्यात खेळताना साहेब दोन वर्षांनी लहान दिसतात. बघू.

८ ऑक्टोबर, शुक्रवार

झालं ते क्रमाने लिहिते.

नऊ वीसला आम्ही वाळूवर. टिकटिक समोरून हात हलवत आला. साहेब त्याच्याकडे पळाले आणि त्याच्या बुटांसमोर बसले. वाळूतल्या कशासमोर नाही, त्याच्यासमोर. ताठ, नाक त्याच्या पायांकडे. टिकटिक खो खो हसला, म्हणाला, मी काय पुरलेलं लोखंड आहे का? बिस्किट पुढे केलं. साहेबांनी घेतलं नाही. साहेबांनी बिस्किट नाकारलं तेव्हाच मी समजायला हवं होतं. तो साहेबांना वळसा घालून पुढे गेला. बारा पावलं. मी मोजली नव्हती, नंतर पोलिसांनी टेप लावून मोजली.

आवाज छातीत लागला. वाळू वर गेली आणि खाली पडताना लाल होती. मी पळाले. माझे पाय आपोआप पळतात अशा वेळी, तेव्हा विचार नसतो. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. उजवी मांडी हाडापर्यंत उघडी, रक्त प्रत्येक ठोक्याला उडत होतं, माझ्या तोंडावर, चष्म्यावर. साहेबांची साखळी काढून मांडीला आवळली, त्यात त्याच्या यंत्राचा दांडा घालून पिळला. पोटातूनही येत होतं, ते दोन्ही हातांनी आत दाबून धरलं. आत काही धरण्यासारखं उरलेलं नव्हतं. त्याने किती वाजले विचारलं. सांगितलं, नऊ पस्तीस. म्हणाला, पाच मिनिटं मागे आहे तुमचं घड्याळ. आणि गेला.

मी तशीच बसून होते. साहेब आले. त्यांनी काहीतरी तोंडातून आणून माझ्यासमोर ठेवलं, शेपूट हलवली आणि वर बघितलं, पुन्हा फेक म्हणून. टिकटिकचा बूट होता. बुटात पाय होता.

मी किंचाळले. वॉर्डात कधी किंचाळले नव्हते.

भिंतीवर मालकीणबाई उभ्या होत्या. मदतीला आल्या नाहीत. त्या आमच्याकडे बघतच नव्हत्या. दक्षिणेच्या खडकांकडे बघत होत्या आणि ओठांनी काहीतरी मोजत होत्या.

९ ऑक्टोबर, शनिवार

पोलिसांनी किनाऱ्याला फीत बांधली. लष्कराचं पथक मंगळवारी येणार. माझा जबाब सोमवारी सकाळी सहीला येईल, तोवर गाव सोडायचं नाही. साखळी पुरावा म्हणून घेऊन गेले. साहेबांना सुतळीने बांधलंय. लेकीला फोनवर अर्धंच सांगितलं. ती रडायला लागली, म्हणाली आत्ता ये. म्हटलं, सोमवारी साडेअकराच्या बसने निघते.

दुपारी मालकीणबाई बाहेर गेल्या तेव्हा दारामागचे पट्टे काढून बघितले. नऊ पट्टे, नऊ मापांचे. प्रत्येकावर वेगळं नाव, वेगळ्या गावचा नंबर. तिचे कुत्रे नव्हतेच. एका नंबरावर फोन लावला. तरुण माणूस बोलला. त्याचे वडील सहा वर्षांपूर्वी कुत्र्याला घेऊन समुद्रावर सुट्टीला गेले होते. भरतीत दोघं वाहून गेले असं गावाने कळवलं. काही सापडलं नाही. मी कोण म्हणून त्याने विचारलं. मी फोन ठेवला.

सव्वादहाच्या ओहोटीला खिडकीतून बघितलं होतं. फितीपलीकडे रिकाम्या वाळूवर ठसे उमटत होते. माणसं नाहीत. नुसते ठसे, एकवीस जणांचे, एकाच वेळी, पाऊल, पाऊल, पाऊल. साहेब खिडकीशी माझ्या शेजारी उभे होते. प्रत्येक पावलाला त्यांचा पुढचा पंजा हलत होता.

१० ऑक्टोबर, रविवार

आज दिसले.

दिवसाढवळ्या, अकराच्या उन्हात. कोपरात कोपर अडकवून येतात. पोरंच आहेत, अंगावरचे कोट मोठे. एकाला खालचा जबडा नाही, जीभ गळ्यावर लोंबते. एकाचं पोट उघडं आणि तो ते शेजाऱ्याच्या हाताने दाबून धरतो. ज्याला हात नाही त्याची बाही अडकवलेली. ज्याला पाय नाही त्याला दोघं उचलून नेतात, आणि तरी त्याच्या खाली ठसे उमटतात. एकवीस. मध्ये एक जागा, दोन्ही बाजूंची कोपरं तिथे वाकून तयार. या खिडकीखालून जाताना सगळ्यांनी मान वर केली.

मी वळले. साहेब माझ्यामागे होते.

बसले होते. ताठ. नाक माझ्या पायांकडे.

एक वाजता

पट्टे मुठीत घेऊन खाली गेले आणि ओट्यावर आपटले. मालकीणबाई भांडी पुसत होत्या. काही लपवलं नाही. त्या दिवशी रांगेपुढे चालणारा कुत्रा त्यांचा होता. तेव्हा त्या आठ वर्षांच्या. कुत्रा फक्त त्यांची शिट्टी ऐकायचा, म्हणून वडिलांनी त्यांना भिंतीवर उभं केलं. निम्म्याहून जास्त किनारा झाला आणि कुत्रा बसला. म्हणजे पुढे सुरुंग आहे. रांग थांबली. गाव कंटाळलं होतं, उन्हाने तापलं होतं, वडिलांनी डोळे वटारले. आणि बाईंनी शिट्टी फुंकली, पुढे जा म्हणून. कुत्रा उठला. मागून बंदुकीचे दस्ते बसले. मधल्याच्या पायाखाली फुटला, त्याचं काही उरलं नाही; तसे हात अडकवलेले सगळे पडले, आणि पडले ते बाकीच्या सुरुंगांवर. भिंतीपर्यंत शिंतोडे आले. कुत्रा जिवंत राहिला. त्याला आणायला शिकवलेलं होतं. त्याने एक हात आणून त्यांच्यासमोर ठेवला आणि शेपूट हलवली. वडिलांनी तिथेच गोळी घातली त्याला.

रांग खडकाच्या दोनशे पावलं अलीकडे अडली, म्हणाल्या. पुढे कुत्रा आणि मधल्या जागी माणूस मिळाला की पुढे सरकते. पुढचा सुरुंग लागेपर्यंत. आता चाळीस उरलीत. खडकाला पोचले की थांबतील.

मी म्हटलं, मग स्वतः जा की, मेले. त्या म्हणाल्या, तीनदा गेले. ते मला वळसा घालून जातात.

खोलीला आतून कडी. पलंग दाराला लावलाय. उद्या साडेअकरा. साहेब माझ्यासमोरून उठत नाहीत. कूस बदलली तरी समोर येऊन बसतात.

११ ऑक्टोबर, सोमवार

जबाबावर सही झाली. बॅग भरली. अकरा वाजता निघतो. थांबा घराच्या कोपऱ्यावरच, शंभर पावलं. सुतळी दुहेरी केली, मनगटाला गुंडाळली. बस वेळेवर येऊ दे.

११.३१

उभी आहे. हलायचं नाही. लिहिलं तर डोकं ठिकाणावर राहील.

बस दिसत होती. शिट्टी वाजली. सुतळीने मनगट कापलं आणि तुटली. साहेब भिंतीवरून खाली. मालकीण भिंतीवर, शिट्टी तोंडात. मी बॅग फिरवून तोंडावरच हाणली. शिट्टीबरोबर दोन दात बाहेर आले. पुन्हा हाणली. खाली पडून रक्ताच्या तोंडाने म्हणाली, चाळीसच, ताई, चाळीसच.

साहेबांच्या पंजांच्या ठशांवर पाय ठेवत गेले. फितीखालून. ते थांबले, वळले आणि बसले. माझ्यासमोर. हाताच्या अंतरावर. मला वाटलं, सापडला. झडप घातली. एकच पाऊल.

टक्.

तेरा वर्षांत पहिल्यांदा साहेबांनी मला थांब म्हणून सांगितलं, आणि मी ऐकलं नाही.

११.३४

डावा पाय. वजन त्याच्यावरच ठेवलंय. फोन बॅगेत, बॅग भिंतीवर. ओरडले. बस गेली. गावातल्या खिडक्या बंद झाल्या, एकामागून एक. पथक उद्या.

उद्यापर्यंत उभी राहीन. बारा बारा तास ऑपरेशनला उभी राहिलेय मी.

११.३८

मागे चाप चाप आवाज. मान वळवून बघितलं. उत्तरेच्या टोकाला. येतायत.

म्हणजे उद्या नाही. कोपर अडकवतील आणि पुढे नेतील, पाय उचलला जाईल. साहेब माझ्यापासून दीड हातावर आहेत.

साहेबांना लांब घालवायचं. बाकी काही नाही.

११.४१

जा म्हटलं. ओरडले. शिव्या दिल्या. शिंपला मारला, तो उचलून आणला. दगड मारला. नाकावर लागला, कळवळला. पहिल्यांदा हात उचलला मी त्याच्यावर. दगड तोंडात धरून परत आला. नाकातून रक्त. शेपूट हलतेय.

चेंडू. खिशात चेंडू आहे!

११.४४

भिंतीकडे फेकला. अठरा सेकंदांत परत. पुन्हा. बावीस. थकतोय, पण येतो. शहाणाच आहे माझा.

फेकल्यावर तो सगळ्यात लांब असेल तेव्हा पाय उचलायचा. पण वाळूवर लांब जात नाही, माझा हात म्हातारा. समुद्रात फेकायला हवा. लाट ओढून नेईल. त्याच्यामागे जाईल, गटाराचं झाकण आठवतं ना. चेंडू मिळेस्तोवर येणार नाही. तोवर –

अहो, दुसरी गोष्ट पाळता येत नाहीये. त्याच्या वेळेला मी जवळ नसेन. लांब असला तरच तो जगेल. रागावू नका.

११.५०

वीस पावलांवर. जबडा नसलेला हसतोय असं वाटतं, हसत नसेल. रडत असेल. पोरं बिचारी.

पाय थरथरतोय. पोटरीत गोळा.

११.५३

डाव्या कोपरात हात आला. ओला, थंड. हळूच अडकवला, धक्का न लावता. कुणाचा तरी लेक. उजवा हात अजून मोकळा – चेंडू खिशात –

११.५४

फेकला! सगळा जोर लावून. पाण्यात पडला. गेला! गेला माझा राजा. पोहतोय. काय पोहतोय – लाट डोक्यावरून गेली – दिसतोय – वीस हात – तीस – चेंडू अजून आत – जा, जा, असाच –

उजवीकडूनही – पेन धरता –

पोचला. चेंडूपाशी. घे. आणि सावकाश ये. घाई नाही –

इकडे बघतोय.

वळला. तोंडात – चेंडू नाही. चेंडू मागे राहिला, साहेब – चेंडूशिवाय नाही यायचं – तुझा नियम – 

पाण्याबाहेर आला. पळतोय. ओढतायत मला – साहेब, बस! तुझ्या पाया पडते – एकदा तरी ऐक – बस म्हणते ना – तिथेच, बाळा, ब